बाद झालेला खेळाडू परत कधी येतो? शिबिरातल्या झेंड्याच्या खेळाची मांडणी

साठ-सत्तर मुलांचा मैदानी खेळ घ्यायचा म्हटलं की आयोजक आधी नियम लिहायला बसतात. नियम नंतर लिहिले तरी चालतात. आधी एकच गोष्ट ठरवावी: जो बाद होईल, तो किती वेळात पुन्हा खेळायला लागेल? मैदान किती लांब असावं, साहित्य काय लागेल, पंच किती आणि कुठे उभे करायचे, हे सगळं त्या उत्तरातून निघतं. माझं उत्तर आहे साधारण एक मिनिट, आणि पुढची सगळी मांडणी त्याच हिशोबाने केलेली आहे.

खेळ सगळ्यांच्या ओळखीचा आहे. दोन संघ, मैदानाचे दोन भाग, प्रत्येकाचे झेंडे आपल्या भागात मागे ठेवलेले. समोरच्याचे झेंडे पळवून आपल्या भागात आणायचे आणि आपले वाचवायचे. इथले आकडे ११ ते १५ वयाच्या ६४ मुलांसाठी आहेत, म्हणजे प्रत्येक संघात ३२ आणि प्रत्येक संघात ८-८ जणांच्या चार तुकड्या.

जुन्या पद्धतीत पकडलेल्याला तुरुंगात बसवतात आणि आपल्या संघातल्या कुणी येऊन हात लावला की तो सुटतो. पंधरा-वीस जणांत हे छान चालतं. साठ जणांत फसतं, कारण पहिल्या काही मिनिटांत जी मुलं पकडली जातात ती बहुतेक हळू पळणारी असतात आणि त्यांना सोडवायला जीव धोक्यात घालून कुणी येत नाही. खेळ शेवटी दहा-बारा चपळ मुलांचा उरतो, बाकीची गवत उपटत बसतात. म्हणून इतक्या मोठ्या गटात तुरुंग ठेवूच नये. बाद झालेल्याने आपल्या ठाण्यावर जायचं आणि तिथून लगेच परत यायचं.

ठाण्यावर ‘जीव’ म्हणून मनगटाला लोकरीचा धागा बांधायची पद्धतही बरीच चालते. तिचा हिशोब मांडून बघा. ३२ जणांच्या संघात प्रत्येक जण दर चार मिनिटांनी बाद झाला, तर ठाण्यावर मिनिटाला आठ जण येतात. धागा शोधून गाठ मारायला वीस सेकंद धरले तर एक पंच मिनिटाला तिघांनाच मोकळं करतो. पाच मिनिटांत जवळपास अर्धा संघ रांगेत दिसतो. शिवाय धागा ओढून तोडताना मनगटाला काचतो. त्यापेक्षा कमरेला खोचलेली कापडी पट्टी कितीतरी बरी.

पट्टी ५ सेमी रुंद आणि ४५ सेमी लांब हवी. ९० सेमी पन्ह्याच्या एक मीटर कापडात बरोबर ४० पट्ट्या बसतात: आडव्या दोन, उभ्या वीस. दोन रंगांचं एकेक मीटर कापड आणलं की ६४ मुलांच्या पट्ट्या होतात आणि वर १६ शिल्लक राहतात. कापड जाडसर सुती घ्यावं. गुळगुळीत नायलॉन पळता पळता आपोआप गळून पडतं आणि ‘माझी कुणी ओढली नाही, पडली’ हा वाद दर मिनिटाला ऐकावा लागतो. रंग पिवळा आणि निळा. लाल-हिरवी जोडी टाळावी, कारण एवढ्या गटात त्या दोन रंगांतला फरक न ओळखणारं मूल असू शकतं, आणि उजेड उतरायला लागला की लाल रंग आधी काळपट दिसू लागतो.

पट्टी मागच्या बाजूला, मध्यभागी खोचायची. आत १० सेमी, बाहेर ३५ सेमी. गाठ मारायची नाही, पट्ट्याला किंवा नाडीला गुंडाळायची नाही. गाठ मारलेली पट्टी ओढली की कपडा फाटतो, नाहीतर ओढणाऱ्याचं बोट मुरगळतं. सदरा चड्डीच्या आत खोचलेला हवा, नाहीतर पट्टी झाकली जाते. खेळ सुरू होण्याआधी तुकडीतल्या मुलांनीच एकमेकांची पट्टी तपासावी.

समोरच्याच्या भागात तुमची पट्टी ओढली गेली की तुम्ही बाद. ओढणाऱ्याने ती पट्टी तिथल्या तिथे मालकाच्या हातात परत द्यायची. मालकाने ती हातात धरून हात वर करायचा आणि चालत आपल्या ठाण्यावर जायचं. ‘हात वर, हातात पट्टी’ ही खूण लांबून कुणालाही दिसते, त्यामुळे बाद झालेला कोण आणि खेळणारा कोण यात गोंधळ होत नाही. ठाण्यावरच्या पंचासमोर पट्टी पुन्हा खोचायची की तो परत खेळात. याला पाच सेकंद लागतात, त्यामुळे रांग लागत नाही. पट्ट्याही मैदानभर सांडत नाहीत.

आता मैदान. ६४ मुलांना १२० मीटर लांब आणि ६० मीटर रुंद जागा पुरते. मध्यरेषा ६० मीटरवर आणि ठाणं आपल्या मागच्या हद्दीच्या मधोमध. रेषा ओलांडता ओलांडता बाद झालेला सुमारे ६० मीटर चालतो, अगदी झेंड्याजवळ बाद झालेला १०५ मीटर. चालण्याचा वेग सेकंदाला सव्वा मीटर धरला तर हे अंतर ५० ते ८५ सेकंदांचं होतं. जागा भरपूर आहे म्हणून मैदान २५० मीटर लांब केलं, तर तेच चालणं सरासरी दोन-अडीच मिनिटांवर जातं. पंधरा मिनिटांच्या फेरीत चार वेळा बाद झालेल्या मुलाची आठ-दहा मिनिटं नुसती चालण्यात जातात. मोठं मैदान दिसायला भव्य वाटतं, पण मुलांना खेळायला कमी मिळतं.

मोजायला लांब टेप नसेल तर पावलांनी मोजता येतं, मात्र आपलं पाऊल आधी माहीत हवं. ५० मीटरचं अंतर एकदा टेपने मोजून त्यात आपली किती पावलं बसतात ते मोजून ठेवावं. कोपरे काटकोनात येण्यासाठी २४ मीटर दोरीचं वेटोळं करून ६, ८ आणि १० मीटरच्या तीन बाजू पडतील अशा खुणा कराव्यात आणि तीन खुंट्यांवर ताणावं. सहा आणि आठच्या मधला कोन काटकोन. चारही कोपरे ठोकल्यावर दोन्ही कर्ण मोजून पाहावेत. ते सारखे, म्हणजे साधारण १३४ मीटर, आले पाहिजेत. एक कर्ण चार-पाच मीटरने जास्त आला तर एका संघाचा कोपरा ओढला गेला आहे, आणि पंचांच्या आधी मुलांच्या ते लक्षात येतं.

हद्दीवर दर १० मीटरला एक कोन (खुणेचा शंकू) ठेवला तर ३६० मीटरच्या परिघाला ३६ कोन लागतात. मध्यरेषेवर दर ५ मीटरला ठेवले तर टोकांचे दोन वगळून आणखी ११. एकूण ४७, पायाखाली फुटणारे, उडणारे धरून ५५ न्यावेत. मध्यरेषा मात्र कोनांवर सोडू नये, तिथे फक्कीची रेघ हवीच. पाय आत की बाहेर हा या खेळातला सगळ्यात मोठा वाद असतो, आणि रेघ दिसली की तो बराचसा मिटतो. फक्की म्हणजे चुनखडीची किंवा खडूची भुकटी. भिंतींना लावायचा चुना वापरू नये, तो डोळ्यांत किंवा घामेजल्या कातडीवर गेला तर भाजतो. हद्द दाखवायला दोरी ताणणं तर नकोच. मूल मागे बघत पळत असतं आणि दोरी गुडघ्याला किंवा गळ्याला लागते. झाडं असतील तर त्यांच्या खोडांना डोळ्यांच्या उंचीवर रंगीत चिंध्या बांधाव्यात.

रिंगण आणि झेंडे या भागाला सगळ्यात जास्त विचार द्यावा असं मला वाटतं. एकच झेंडा ठेवला तर दोनपैकी एक होतं: अर्धा संघ त्याच्याभोवती कडं करून उभा राहतो आणि कुणीच हलत नाही, किंवा एखादा भन्नाट पळणारा मुलगा तिसऱ्याच मिनिटाला झेंडा घेऊन जातो आणि खेळ संपतो. प्रत्येक संघाला सहा झेंडे द्यावेत आणि एका वेळी एका खेळाडूने एकच उचलावा. झेंडा म्हणजे ३० बाय ४० सेमीचं कापड, काठीशिवाय. काठी घेऊन पळणारं मूल पडलं तर काय होईल याचा अंदाज कुणालाही येईल.

झेंडे ३ मीटर त्रिज्येच्या रिंगणात ठेवायचे. रिंगणाचा मध्य मागच्या हद्दीपासून १५ मीटर आत. हद्दीला चिकटवून ठेवलं तर बचाव करणाऱ्यांना तीनच बाजू सांभाळाव्या लागतात आणि हल्ला करणाऱ्यांना मागून जायला वाटच राहत नाही. खुंटीला ३ मीटर दोरी बांधून फिरवली की गोल आखला जातो. एका रिंगणाला सुमारे १९ मीटर रेघ लागते. आखून झाल्यावर खुंटी काढून टाकायची. यजमान संघातल्या कुणीही या रिंगणात पाय ठेवायचा नाही. पाहुणा खेळाडू मात्र रिंगणात सुरक्षित असतो. तिथे त्याची पट्टी ओढता येत नाही. या एका नियमाने खेळाचं रूप बदलतं. आत पोहोचलेला खेळाडू दम घेतो, आणखी दोघं-तिघं आत येण्याची वाट पाहतो आणि मग सगळे एकदम वेगवेगळ्या दिशांना फुटतात. बचाववाले कुणाच्या मागे धावायचं ते क्षणात ठरवतात. एकट्याने न जमणारी गोष्ट चौघांनी जमवणं हे इथे मुलं कुणी न सांगता शिकतात. पण मुक्काम नको, म्हणून रिंगणावरचा पंच प्रत्येक आत आलेल्यासाठी मोठ्याने दहा अंक मोजतो. दहाला बाहेर पडला नाही तर तो बाद.

झेंडा हातात, सगळ्यांना दिसेल असा धरायचा. कपड्यात लपवायचा नाही, फेकायचा नाही. फेकाफेक सुरू झाली की दहा मुलं वर बघत एका जागी धावतात आणि डोकी आपटतात. झेंड्यासकट दोन्ही पाय आपल्या भागात आले की झेंडा जिंकला, तो ठाण्यावरच्या पंचाकडे जमा करायचा. वाटेत पकडला गेला तर ज्याने पकडलं त्यानेच झेंडा नेऊन रिंगणावरच्या पंचाच्या हातात द्यायचा. तेवढे काही सेकंद बचावातला एक जण कमी होतो आणि मागून येणाऱ्याला संधी मिळते. सहाही झेंडे गेले तर ती फेरी तिथेच संपते.

गुण फक्त झेंड्यांना, एकाला १०. ओढलेल्या पट्ट्यांना गुण देण्याचा मोह होतो, तो आवरावा. पट्टीला एक गुण जरी ठेवला तरी झेंडे बाजूला पडतात आणि मुलं सगळ्यात हळू पळणाऱ्याला हेरून पुन्हा पुन्हा त्याचीच पट्टी ओढतात.

रडीचा डाव होणारच, त्यासाठी एक नियम पुरेसा आहे: ‘आधी मी ओढली’, ‘माझा पाय आत होता’ असा वाद झाला की दोघांनीही आपापल्या ठाण्यावर जाऊन परत यायचं. चौकशी नाही, साक्षीदार नाहीत. वाद घालून कुणाचाच फायदा होत नाही हे एकदा कळलं की मुलं आपणहून पट्टी देऊन मोकळी होतात. आपली पट्टी हाताने झाकली, कुणाचा कपडा किंवा हात धरला, अंगावर झेप घेतली, तर तो बाद. आणि पकडला जातोय असं दिसताच ‘टाइमप्लीज’ म्हणणाऱ्याचं ऐकायचं नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकावं. बुटाची नाडी सुटली तर हात वर करून हद्दीबाहेर जावं.

ज्यांना पळता येत नाही किंवा पळायचं नाही, अशा मुलांना लिंबूटिंबू करून कोपऱ्यात उभं करणं मला अजिबात पटत नाही. प्रत्येक संघात दोन वैद्य ठेवावेत. वैद्याच्या दंडाला पांढरी पट्टी, त्याला कुणी बाद करू शकत नाही, आणि तो झेंडा उचलू शकत नाही. तो आपल्या भागात कुठेही फिरतो, आणि बाद झालेला त्याच्यासमोर येऊन पट्टी खोचून तिथूनच परत जाऊ शकतो. म्हणजे वैद्य हे चालतं ठाणं झालं. तो मध्यरेषेच्या १०-१५ मीटर मागे उभा राहिला तर संघाचं चालणं कितीतरी वाचतं, आणि कुठे उभं राहायचं यात खरी अक्कल लागते. कुबडी किंवा चाकाची खुर्ची वापरणारं मूलही हे काम पूर्ण ताकदीने करू शकतं, फक्त जमीन तशी आहे का ते पाहावं. वैद्याची अडचण एकच: सगळे त्याच्यापाशी घोळका करतात. एका वेळी एकच जण, बाकीच्यांनी ठाणं गाठावं.

संघ पाडताना मुलांना कप्तान निवडू देऊ नये. शेवटी निवडलं जाणारं मूल तो अपमान घेऊनच खेळायला उतरतं. उंचीप्रमाणे एका ओळीत उभं करून एक-दोन, एक-दोन मोजलं की वय आणि ताकद बऱ्यापैकी सारखी वाटली जाते. मित्रांच्या जोड्याही आपोआप फुटतात, कारण त्या बहुतेक शेजारी उभ्या असतात.

मोठी माणसं आठ हवीत: दोन ठाण्यांवर दोन, दोन रिंगणांवर दोन, मध्यरेषेच्या दोन टोकांना दोन, एक मुख्य पंच आणि एक प्रथमोपचारासाठी. कमी माणसं असतील तर रिंगणावरचे पंच कमी करू नका, तिथेच धडका आणि वाद जास्त असतात. ठाण्यावर तुकडीतली मोठी मुलं आळीपाळीने बसू शकतात. प्रथमोपचार पाहणाऱ्याने दुसरं कोणतंही काम घेऊ नये.

शिट्टी फक्त मुख्य पंचाकडे. एक लांब म्हणजे सुरू. तीन लांब म्हणजे जिथे आहात तिथे खाली बसा. ‘थांबा’ म्हटलं तर मुलं हळूहळू थांबतात, बोलतात, सरकतात. ‘बसा’ म्हटलं की पूर्ण मैदान एका नजरेत दिसतं आणि ज्याला लागलंय तिथे पोहोचता येतं. ही शिट्टी सर्वांत लांबच्या कोपऱ्यात, वारा उलटा असताना ऐकू येते का, ते दुपारीच एकाला तिथे उभं करून तपासावं.

त्याच वेळी पूर्ण मैदान पायी फिरावं, तेही आडव्या पट्ट्यांत, फक्त हद्दीवरून नव्हे. काचा, तारा, खुंट, गवतात दडलेले खड्डे, डोळ्यांच्या उंचीवरच्या सुक्या फांद्या. खड्डा बुजवता येत नसेल तर भोवती चार कोन ठेवून ती जागा खेळाबाहेर काढावी. विहीर, तळं, ओढा किंवा वाहनांचा रस्ता हद्दीपासून निदान ३० मीटर लांब हवा, कारण पूर्ण वेगातलं मूल रेषेवर थांबत नाही, आणखी दहा-पंधरा मीटर जातं. पायात बंद बूट सक्तीचे. अंगठ्या, गळ्यातले दोरे आणि लोंबणारे कानातले काढून ठेवायचे.

नियम सांगताना मुलांची पाठ उन्हाकडे असावी, ऊन बोलणाऱ्याच्या डोळ्यांवर आलं तरी चालेल. दहा मिनिटांपेक्षा जास्त घेऊ नयेत, आणि त्यातला बोलण्याचा भाग निम्माच. बाकीचा वेळ चार मुलांना पुढे घेऊन प्रत्यक्ष दाखवण्यात जावा: पट्टी ओढली, परत दिली, हात वर, चालला. ‘काही शंका?’ असं विचारलं की ‘झाडावर चढलो तर?’पासून सुरू होतं आणि बाकीची कंटाळतात. उलट आपणच विचारावं: पट्टी हातात आली की कुठे जायचं? रिंगणात किती मोजेपर्यंत थांबता येतं? मग तीन लांब शिट्ट्यांचा सराव दोनदा.

पूर्ण खेळाला सव्वा तास धरावा. माहिती १० मिनिटं, संघांची आपसांतली आखणी ५, बिनगुणांची फेरी ७, पाणी आणि दुरुस्ती ५, पहिली फेरी १५, विश्रांती १०, बाजू बदलून दुसरी फेरी १५, आवराआवर ८. बिनगुणांची फेरी वगळू नये. नियम मुलांना तिथेच कळतात, आणि पंचांनाही. बाजू बदलणं जरुरीचं, कारण उतार, वारा आणि ऊन कधीच दोघांना सारखं नसतं. सूर्य मावळण्याच्या पाऊण तास आधी शेवटची शिट्टी वाजलेली असावी. गडगडाट ऐकू आला तर खेळ तिथेच थांबवून सगळ्यांना पक्क्या छताखाली न्यावं, झाडाखाली नव्हे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं मैदानात येऊ नये.

इतकं करूनही दोन गोष्टी बिघडतात. एक, मध्यरेषेवर दोन्ही संघ समोरासमोर उभे राहतात आणि नुसते एकमेकांना डिवचत बसतात. पुढे जाण्यात धोका जास्त आणि फायदा कमी वाटतो, म्हणून हे होतं. त्यावर मुख्य पंचाने दोन आखूड शिट्ट्या द्याव्यात: पुढची दोन मिनिटं आणलेल्या झेंड्याला दुप्पट गुण. फेरीत एकदाच, आणि कधी ते आधी सांगायचं नाही. दुसरी, पहिल्या फेरीत एक संघ पाच-शून्यने पुढे जातो. अशा वेळी खेळाडूंची अदलाबदल केली तर दोन्हीकडची मुलं दुखावतात. त्याऐवजी पुढे असलेल्या संघाचं रिंगण १० मीटर मध्यरेषेकडे आणावं. हल्ला करणाऱ्यांचं अंतर ४५ मीटरवरून ३५ वर येतं आणि तेवढ्यानेही फरक पडतो. कारण दोन्ही संघांना उघड सांगावं, लपवलं तर पक्षपात वाटतो.

शेवटच्या शिट्टीनंतर आधी मुलं मोजायची, मग गुण सांगायचे. गुण आधी सांगितले की आरडाओरड्यात मोजणी होत नाही. प्रत्येक तुकडीने एक ते आठ अंक म्हणायचे. आठ तुकड्यांना मिळून मिनिटभर लागतं आणि कोणता अंक आला नाही ते लगेच कळतं. मग तुकड्यांना साहित्य वाटून द्यावं: दोन तुकड्या ८० पट्ट्या आणि १२ झेंडे मोजतील, चार तुकड्या एकेका बाजूचे कोन गोळा करतील, एक मध्यरेषेचे कोन आणेल आणि उरलेली तुकडी मुलांच्या बाटल्या, टोप्या शोधेल. खुंट्या मात्र मोठ्यांनीच उपटाव्यात आणि ठोकताना लिहून ठेवलेल्या आकड्याशी ताडून पाहाव्यात. एक जरी कमी भरली तरी ती सापडेपर्यंत मैदान सोडू नये, उद्या तिथे अनवाणी पोरं धावणार असतात.